हिरव्या खुणेवर विसंबलेले आठ महिने

ताईच्या कार्यालयातील मुख्य संगणक एका सोमवारी सकाळी सुरू झाला, पण त्यातला ‘डी’ ड्राइव्ह दिसेना. पेटीतून ठरावीक अंतराने टक्-टक् असा आवाज येई, मग काही क्षण शांतता, आणि पुन्हा तोच आवाज. हार्ड डिस्कचे हेड तबकडीवरच्या खुणा शोधत पुढे सरकते, त्या न सापडल्यामुळे मागे येऊन पुन्हा प्रयत्न करते, तेव्हा असा आवाज होतो. ज्याने तो एकदा ऐकला आहे त्याला दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही. ताई घरांच्या अंतर्गत सजावटीचे आराखडे करून देते. चार माणसांचे कार्यालय आहे आणि तिथल्या संगणकांची देखभाल गेली काही वर्षे मी करतो. तिने फोन केला तेव्हा तिचा आवाज कापत होता. मी मात्र निश्चिंत होतो. “ताई, घाबरू नकोस, आपला ऑनलाइन बॅकअप आहे. संध्याकाळपर्यंत सगळे जागेवर येईल,” असे मी तिला सांगितले आणि त्या क्षणी मला ते पूर्णपणे खरे वाटत होते.

तिथे पोहोचल्यावर मी बॅकअपचे सॉफ्टवेअर उघडले. वरच्या कोपऱ्यात नेहमीची हिरवी खूण होती, तिच्याशेजारी ‘बॅकअप पूर्ण’ असे शब्द होते आणि खाली त्याच पहाटेची वेळ होती. मी रिस्टोअरच्या, म्हणजे साठवलेल्या फाइल परत आणण्याच्या, पानावर गेलो. डाव्या बाजूला फोल्डरांची यादी एकाखाली एक उघडत गेली: पत्रव्यवहार, हिशेब, करारपत्रे, छायाचित्रे. ‘ड्रॉइंग्ज’ हे फोल्डर त्यात नव्हते. मी यादी वर-खाली सरकवली, तारीख मागे नेऊन पाहिली, शोधाच्या चौकटीत नाव टाकून पाहिले. सेवेच्या लेखी असे फोल्डर अस्तित्वातच नव्हते. ताई शेजारच्या खुर्चीवर बसून पडद्याकडे पाहत होती. “सापडले का रे?” असे तिने तिसऱ्यांदा विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

घडले होते ते असे. आठ महिन्यांपूर्वी संगणकाचा लहान ‘सी’ ड्राइव्ह भरत आला, म्हणून मी स्वतःच ड्रॉइंग्जचे फोल्डर तिथून उचलून मोठ्या ‘डी’ ड्राइव्हवर हलवले. बॅकअप सेवेत मात्र फक्त ‘सी’वरील निवडक फोल्डरांवर टिकमार्क केलेला होता आणि ती निवड बदलायचे माझ्या लक्षात राहिले नाही. इथपर्यंतची चूक समजण्यासारखी आहे, कारण नवे काम बॅकअपमध्ये जात नव्हते एवढाच तिचा अर्थ झाला असता. पण फोल्डर हलवणे आणि फोल्डर पुसणे यांत त्या सेवेला फरक दिसत नव्हता. तिच्या दृष्टीने ‘सी’वरील ड्रॉइंग्ज मालकाने पुसून टाकली होती, आणि पुसलेल्या फाइल ३० दिवस सांभाळून नंतर कायमच्या काढून टाकायच्या असा तिचा नियम होता. तिने तो नियम तंतोतंत पाळला. म्हणजे आठ महिन्यांचे नवे काम तर तिथे पोहोचले नव्हतेच, पण त्याआधीची अनेक वर्षांची ड्रॉइंग्जही महिन्याभरात तिथून नाहीशी झाली होती, आणि हे सर्व घडत असताना रोज पहाटे हिरवी खूण उमटत होती. ती खूण खोटी नव्हती. जे सांभाळायला सांगितले आहे ते सांभाळले, एवढेच ती सांगत होती. मी तिचा अर्थ ‘ताईचे सगळे काम सुरक्षित आहे’ असा लावत होतो.

डिस्क दुरुस्ती करणाऱ्यांकडे पाठवली. तबकडीवर ओरखडे पडल्यामुळे काही हाती लागले नाही. चौदा महिन्यांपूर्वीची एक प्रत कपाटातल्या एक्स्टर्नल डिस्कवर मिळाली. त्यानंतरच्या कामांपैकी जी ग्राहकांना ईमेलने पाठवली होती ती पीडीएफच्या रूपात मिळाली, पण पीडीएफमधल्या रेघा हलवता येत नाहीत, आणि चालू असलेली कामे ताईच्या माणसांना पुढचे कित्येक आठवडे मोजमापे पाहून पुन्हा काढावी लागली. ताई मला एका शब्दाने बोलली नाही. या विषयावर मी एवढे सविस्तर लिहितो आहे त्याचे कारण तेच आहे.

त्या दिवसापासून घरासाठी किंवा लहान व्यवसायासाठी कोणतीही बॅकअप सेवा पाहताना मी सुरुवात उलट्या टोकाकडून करतो. जागा किती मिळते, सॉफ्टवेअर किती सोपे आहे, हे नंतर. आधी मी डोळ्यांसमोर आणतो की संगणक गेला आहे, मी दुसऱ्या यंत्रासमोर बसलो आहे, आणि आता मला काय परत मिळेल, कोणत्या तारखेचे मिळेल, किती वेळात मिळेल आणि ते उघडण्यासाठी माझ्याजवळ काय असावे लागेल. या चार गोष्टींची उत्तरे सेवेच्या माहितीपत्रात बहुधा शेवटी, बारीक अक्षरात असतात. ती शोधून वाचावीत.

काय परत मिळेल, हा प्रश्न सर्वांत फसवा आहे. बॅकअप सेवांमध्ये निवडीच्या दोन रीती आढळतात. एका रीतीत तुम्ही सांगाल तेवढीच फोल्डरे घेतली जातात. दुसऱ्या रीतीत संगणकावरचे सगळे घेतले जाते आणि नको असलेले तुम्ही वगळायचे असते. दुसरी रीत जागा आणि वेळ जास्त खाते, तरी मी आता निःसंकोचपणे तिचाच आग्रह धरतो, कारण माणूस विसरतो आणि विसरण्याची किंमत दोन्हींत सारखी नाही: वगळायला विसरलात तर थोडा कचरा जास्त साठतो, निवडायला विसरलात तर काम जाते. मात्र ‘सगळे’ या शब्दावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. अशा सेवांमध्येही ऑपरेटिंग सिस्टीमची आणि प्रोग्रॅमची फोल्डरे बहुधा आपोआप वगळलेली असतात, आणि जुन्या पद्धतीचे एखादे हिशेबाचे सॉफ्टवेअर आपला सारा डेटा नेमका प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवत असते. काही सेवा एका मर्यादेपेक्षा मोठ्या फाइल किंवा ठरावीक प्रकारच्या फाइल सोडून देतात. नेटवर्कवर जोडलेली सामायिक डिस्क घरगुती योजनांमध्ये सहसा धरलेलीच नसते. एक्स्टर्नल डिस्क धरली जाते, पण ती ठरावीक दिवस जोडली नाही तर तिच्या प्रती पुसल्या जातात असा नियम काही ठिकाणी आहे. कपाटात जपून ठेवलेल्या डिस्कचा बॅकअप त्यामुळे गुपचूप रिकामा होतो.

याच जागी सिंक (सर्व यंत्रांवरची फाइल एकसारखी ठेवणे) आणि बॅकअप यांतील गल्लत पाहिली पाहिजे, कारण घरोघरी आणि लहान कार्यालयांत मला ती सतत दिसते. “आमचे सगळे क्लाउडवर आहे” असे कोणी म्हणाले की त्याचा अर्थ बहुतेक वेळा ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह असा असतो. या सेवा आपापल्या कामात उत्तम आहेत, पण सर्व यंत्रांवर फाइलची एकच अवस्था ठेवणे हे त्यांचे मूळ काम आहे. एका संगणकावर फाइल पुसली की ती सगळीकडून पुसली जाते. एका संगणकावर ती बिघडली की बिघडलेली प्रत सगळीकडे पोहोचते, आणि तीही तत्परतेने. पुसलेल्या फाइल काही काळ परत मिळतात हे खरे आहे. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत त्या ३० दिवस राहतात, ड्रॉपबॉक्सच्या प्राथमिक योजनांमध्येही ३० दिवसच. चूक त्याच आठवड्यात लक्षात आली तर एवढी मुदत पुरते. वर्षातून एकदा उघडल्या जाणाऱ्या फाइलची चूक वर्षाने लक्षात येते. मोबाइलमधली छायाचित्रे साठवणाऱ्या बहुतेक सेवांनाही हेच लागू आहे: ‘जागा मोकळी करू’ म्हणून फोनवरून छायाचित्रे पुसण्याआधी ती नेमकी कुठून पुसली जाणार आहेत हे एका निरुपयोगी छायाचित्रावर करून पाहावे.

कोणत्या तारखेचे परत मिळेल, हा दुसरा प्रश्न इथूनच निघतो. चांगली सेवा फाइलच्या जुन्या आवृत्त्या सांभाळते. काल दुपारी तीन वाजताची हिशेबाची फाइल, परवाची, गेल्या महिन्याच्या अखेरची, अशा सर्व आवृत्त्या मागे जाऊन उचलता आल्या पाहिजेत. याची गरज रॅन्समवेअरच्या हल्ल्यात सर्वाधिक कळते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा रॅन्समवेअर सुमारे १५० देशांतील संगणकांत शिरला; त्याने फाइल कुलूपबंद करून खंडणी मागितली, आणि त्याच वेळी विंडोज स्वतः संगणकावर ठेवत असलेल्या ‘शॅडो कॉपी’ही पुसून टाकल्या, जेणेकरून जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाट उरू नये. अशा प्रसंगी संगणकाला कायम जोडून ठेवलेली एक्स्टर्नल डिस्कही वाचत नाही, कारण तीही त्याच संगणकाच्या हाताशी असते. आवृत्त्या सांभाळणारी ऑनलाइन सेवा इथे उपयोगी पडते: कुलूपबंद फाइल तिच्यासाठी केवळ ‘नवी आवृत्ती’ असते आणि हल्ल्याच्या आदल्या दिवसाची आवृत्ती तिच्यामागे शाबूत असते. पण आवृत्त्या फक्त ३० दिवस राहणार असतील आणि बिघाड हळूहळू, महिनाभर पसरत गेला असेल, तर चांगली आवृत्ती मुदत संपून गेलेली असू शकते. म्हणून मुदत किमान एक वर्षाची असावी असे माझे मत झाले आहे. व्यवसायाच्या हिशेबाची कागदपत्रे तर कायद्याने अनेक वर्षे ठेवावी लागतात; त्यांच्यासाठी दर आर्थिक वर्षाच्या शेवटी वेगळी, न बदलणारी प्रत काढून ठेवणे हेच योग्य.

आवृत्त्यांबरोबर आणखी एक बारकावा येतो. हिशेबाचे सॉफ्टवेअर, ग्राहकांच्या नोंदींचा डेटाबेस किंवा ईमेलची मोठी फाइल दिवसभर उघडीच असते. उघड्या फाइलची प्रत घेताना ती अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी उतरू शकते, आणि ती परत आणल्यावर सॉफ्टवेअर ती स्वीकारत नाही. विंडोजमध्ये ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ नावाची सोय आहे, जी संपूर्ण ड्राइव्हचे एका क्षणाचे चित्र गोठवते आणि बॅकअप त्या गोठवलेल्या चित्रावरून घेता येतो. तुमची सेवा तिचा वापर करते का हे पाहावे. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येच असलेली स्वतःचा बॅकअप काढण्याची सोय रोज संध्याकाळी चालवावी आणि त्यातून तयार झालेली बंद फाइल ऑनलाइन सेवेने उचलावी. ताईच्या कार्यालयात आता असेच होते.

वेळेचा प्रश्न साध्या गणिताचा आहे, पण ते गणित बहुतेक जण मांडत नाहीत. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. तुमच्याकडे ५०० गिगाबाइटचा डेटा असेल आणि अपलोडचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर पहिला बॅकअप पूर्ण व्हायला अखंड १११ तास, म्हणजे साडेचार दिवसांहून अधिक काळ लागेल. प्रत्यक्षात संगणक रात्री बंद होतो, दिवसा इतर कामांसाठी वेग कमी ठेवावा लागतो, त्यामुळे दोन-तीन आठवडे सहज जातात. या काळात तुम्ही अर्धवट सुरक्षित असता हे ध्यानात ठेवून सर्वांत मोलाची फोल्डरे आधी जातील असा क्रम लावावा. एकदा पहिला बॅकअप झाला की पुढे फक्त बदललेला भाग जातो, आणि चांगल्या सेवा तर मोठ्या फाइलमधलाही फक्त बदललेला तुकडा पाठवतात, म्हणून रोजचा भार थोडा असतो. मात्र सगळे एकदम परत आणायची वेळ येते तेव्हा पुन्हा तेच गणित उभे राहते. सेकंदाला १०० मेगाबिटने उतरवले तरी ५०० गिगाबाइटना अकरा तास लागतात, आणि तेही सेवेने पूर्ण वेग दिला तर. ज्या व्यवसायाला एक दिवस बंद राहणे परवडत नाही त्याने म्हणूनच केवळ ऑनलाइन बॅकअपवर राहू नये. कार्यालयातच एका डिस्कवर दुसरी प्रत असावी, जिच्यावरून तासाभरात काम सुरू होईल. बॅकब्लेझसारख्या काही सेवा सगळा डेटा डिस्कवर भरून कुरिअरने पाठवतात. अशी सोय आहे का आणि ती तुमच्यापर्यंत किती दिवसांत पोहोचेल हे आधीच विचारून ठेवावे.

एकाहून अधिक प्रतींचा हा विचार नवा नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम सांगतो की डेटाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी असावी. ऑनलाइन सेवा ही त्यातली शेवटची, दूरची प्रत. आग, पाणी किंवा चोरी यांत कार्यालयातला संगणक आणि शेजारची डिस्क दोन्ही जातात, तेव्हा तीच उरते. पण ‘दूर’ या शब्दाचाही नीट विचार करावा लागतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि त्यातली एक इमारत पूर्ण जळाली. ज्या ग्राहकांचा मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते त्यांना दोन्ही गमवावे लागले. क्लाउड म्हणजे शेवटी कुठल्या तरी इमारतीतल्या डिस्क असतात, आणि डिस्क बिघडतात. बॅकब्लेझ २०१३ पासून आपल्या डिस्कच्या बिघाडाची नोंद ठेवते आणि ती नियमितपणे जाहीर करते. २०२१ ते २०२४ या वर्षांत तिच्याकडील डिस्क बिघडण्याचे वार्षिक प्रमाण १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान होते. डेटा सेंटरची थंड हवा आणि अखंड देखरेख असताना हे प्रमाण आहे. चांगली सेवा त्याची तजवीज अनेक डिस्कवर तुकडे विभागून करते. आपल्या टेबलाखालच्या एकट्या डिस्कसाठी अशी तजवीज कोणीच केलेली नसते.

आणि इमारती शाबूत राहिल्या तरी सेवा बंद होऊ शकते. क्रॅशप्लॅन ही घरगुती वापरासाठी अनेकांच्या आवडीची सेवा होती. तिच्या कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये घरगुती योजना बंद करत असल्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ती संपली. २००५ मध्ये सुरू झालेली मोझी ही दुसरी बॅकअप सेवा आधी ईएमसी या कंपनीने विकत घेतली, पुढे २०१८ मध्ये कार्बोनाइटकडे गेली, आणि कार्बोनाइटही २०१९ मध्ये ओपनटेक्स्टच्या मालकीची झाली. कंपन्या ग्राहकांना सूचना आणि मुदत देतात, पण सूचना ईमेलने येते, आणि ती ईमेल कोणाच्या पत्त्यावर येते हे लहान व्यवसायात फार महत्त्वाचे असते. खाते उघडणारा कर्मचारी नोकरी सोडून गेला, त्याचा पत्ता बंद झाला, आणि बॅकअप थांबल्याच्या, कार्डाची मुदत संपल्याच्या सगळ्या सूचना त्या बंद पत्त्यावर जात राहिल्या, ही गोष्ट मी एकाहून अधिक कार्यालयांत पाहिली आहे. बॅकअप सेवेचे खाते व्यवसायाच्या पत्त्यावर असावे आणि सूचना किमान दोन माणसांना जाव्यात.

सूचना न पोहोचण्याचा याहून बोलका प्रसंग माझ्या माहितीत गिटलॅबचा, म्हणजे प्रोग्रॅमरांचा कोड ऑनलाइन सांभाळणाऱ्या कंपनीचा आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याच्या हातून रात्रीच्या घाईत चुकीच्या सर्व्हरवरचा मुख्य डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधायला गेल्यावर दिसले की तो काही काळापासून तयारच होत नव्हता, कारण बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती आणि डेटाबेसची आवृत्ती जुळत नव्हती. बॅकअप फसल्याच्या ईमेल निघत होत्या, पण पाठवणारा खरा असल्याची आवश्यक ती पडताळणी त्यांवर नसल्याने मेल सर्व्हर त्या नाकारत होता. शेवटी एकाने दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने काढून ठेवलेली प्रत उपयोगी पडली. कंपनीने हे सगळे न लपवता, बारीकसारीक तपशिलांसह जाहीर केले, त्याबद्दल मला तिच्याविषयी आदर वाटतो. जाणत्या अभियंत्यांच्या कंपनीत असे घडू शकते, तर चार माणसांच्या कार्यालयात ‘काही सूचना आली नाही म्हणजे सर्व ठीक आहे’ असे धरून चालणे किती धोक्याचे आहे ते वेगळे सांगायला नको.

चौथा प्रश्न किल्लीचा. प्रामाणिक सेवा डेटा तुमच्या संगणकावरून निघण्याआधीच कुलूपबंद करते. त्यासाठी सामान्यतः एईएस-२५६ ही पद्धत वापरली जाते आणि ती भक्कम आहे. खरा मुद्दा किल्ली कोणाजवळ आहे हा आहे. सेवेजवळ असेल तर पासवर्ड विसरलात तरी ती तुम्हाला पुन्हा आत घेऊ शकते, पण तत्त्वतः तिला तुमचा डेटा वाचताही येतो. किल्ली फक्त तुमच्याजवळ ठेवण्याचा पर्याय निवडला तर दुसरे कोणी वाचू शकत नाही, आणि किल्लीचे काम करणारा तुमचा सांकेतिक वाक्प्रयोग, म्हणजे लांबलचक पासवर्ड, हरवला तर सेवाही काही करू शकत नाही. विनंत्या, ओळखपत्रे, काहीही उपयोगी पडत नाही. आणखी एक तपशील इथे पाहावा: किल्ली स्वतःजवळ ठेवूनही काही सेवांमध्ये रिस्टोअर करताना ती त्यांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते, म्हणजे निदान तेवढ्यापुरती ती त्यांच्या हाती जाते. ग्राहकांची वैद्यकीय किंवा कायदेशीर कागदपत्रे सांभाळणाऱ्या व्यवसायाने ही बाब सोडून देऊ नये. घरासाठी, जिथे मुख्य चिंता छायाचित्रे हरवण्याची आहे, मी सेवेजवळच्या किल्लीलाही हरकत घेत नाही. ज्या घरात पासवर्ड नियमितपणे विसरले जातात तिथे अतिकडक कुलूप लावले तर आपलीच माणसे बाहेर राहतात.

सांकेतिक वाक्प्रयोग ठेवायचा कुठे, याचे उत्तर अनेकांना जुनाट वाटेल: कागदावर, दोन ठिकाणी, त्या संगणकापासून लांब. ज्या संगणकाचा बॅकअप आहे त्याच संगणकातील फाइलमध्ये तो लिहून ठेवलेला मी पाहिला आहे. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी अवश्य लावावी, कारण ज्याच्या हाती खाते गेले तो बॅकअपही पुसू शकतो. पण ती पडताळणी एकाच फोनवर अवलंबून असेल तर आगीत किंवा चोरीत फोनही गेला तर काय, याचाही विचार करावा आणि सेवेने दिलेले आपत्कालीन कोड त्याच कागदाबरोबर ठेवावेत. घरात हा कागद कुठे आहे हे किमान आणखी एका व्यक्तीला माहीत असावे. संगणकाची सारी व्यवस्था पाहणारा माणूस आजारी पडला किंवा गेला तर मागे राहिलेल्यांना मुलांचे बालपणीचे फोटो आणि विम्याची कागदपत्रे उघडता आली पाहिजेत. हा विचार लिहायला जड जातो, पण मी तो माझ्या घरी करून ठेवला आहे.

मोफत योजनांबद्दल फार लिहीत नाही. थोड्या जागेची मोफत योजना सेवा कशी आहे हे अजमावण्यासाठी ठीक आहे. व्यवसायाचे काम तिच्यावर ठेवू नये. ‘अमर्याद जागा’ या शब्दांनाही मी फारसे महत्त्व देत नाही, कारण मर्यादा जागेवर नसली तर संगणकांच्या संख्येवर, आवृत्त्यांच्या मुदतीवर किंवा वेगावर असते आणि ती कुठेतरी लिहिलेली असतेच.

ताईच्या कार्यालयात आता काय आहे ते सांगतो. सर्व संगणकांचे सर्व ड्राइव्ह ऑनलाइन सेवेत आहेत, वगळलेल्या फोल्डरांची छापील यादी भिंतीवर लावली आहे, आवृत्त्या एक वर्षाच्या आहेत. कार्यालयात दोन एक्स्टर्नल डिस्क आळीपाळीने वापरल्या जातात. एक जोडलेली असते, दुसरी ताईच्या घरी असते आणि दर शुक्रवारी त्यांची अदलाबदल होते. कोणतेही फोल्डर एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवायचे असेल तर आधी वहीत लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी ते नव्या जागेवरून रिस्टोअरच्या यादीत दिसते का हे पाहूनच जुनी प्रत पुसायची, असा नियम आहे. तो नियम माझ्यासाठीही आहे.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मात्र महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी होते आणि ती ताई स्वतः करते, मी नाही. आदल्या महिन्यात ज्या कामांवर सर्वाधिक वेळ गेला त्यांपैकी एक फाइल ती मनाने निवडते. मग माझा लॅपटॉप घेऊन, म्हणजे कार्यालयाच्या कोणत्याही संगणकाला हात न लावता, सेवेच्या संकेतस्थळावर जाते, कपाटातला कागद काढून सांकेतिक वाक्प्रयोग टाकते, दोन आठवड्यांपूर्वीची तारीख निवडते आणि ती फाइल उतरवते. फाइल उतरली एवढ्यावर ती थांबत नाही. ती उघडते, एखाद्या खोलीची लांबी मोजते, एक रेघ हलवून पाहते. सगळ्याला मिळून वीस-पंचवीस मिनिटे लागतात. पहिल्या काही महिन्यांत दोनदा काहीतरी अडले: एकदा वाक्प्रयोगाच्या कागदावरचे एक अक्षर लहान की मोठे हे समजेना, आणि एकदा नव्याने आलेल्या मुलीचा संगणक सेवेत जोडायचा राहून गेल्याचे लक्षात आले. दोन्ही दुरुस्त झाले. परवा पहिली तारीख होती. ताईचा फोन आला, “स्वयंपाकघराचे ड्रॉइंग आणले रे, सोळा तारखेचे. ओट्याची उंची बरोबर आहे,” असे म्हणून तिने फोन ठेवला.